कीर्द-खतावणी सोडून टॅलीवर जाताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावी वडिलांचं हार्डवेअरचं दुकान आहे, वर्षाची उलाढाल दीड-दोन कोटींच्या आसपास. वडील आजही रोजकीर्द (दिवसाचे व्यवहार क्रमाने लिहायची वही) आणि खतावणी (प्रत्येक खात्याचं वेगळं पान असलेली वही) स्वतः लिहितात, जीएसटीची विवरणपत्रं बाहेरचा सल्लागार भरतो. तुम्ही बी.कॉम. झाला आहात, टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा क्लासही केला आहे. हिशोब संगणकावर न्यावा का, वह्या पूर्ण बंद कराव्यात का, आणि हाताने हिशोब लिहायला शिकण्यात वेळ घालवावा का, हे तुम्हाला विचारायचं आहे. वडिलांचं म्हणणं असं की वहीत लिहिलेलं डोळ्यांना दिसतं, मशीनमधलं दिसत नाही.

हिशोब संगणकावर न्या. येत्या १ एप्रिलपासूनच न्या. मात्र वडिलांचं म्हणणं जुन्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून देऊ नका, त्यात तथ्य आहे. वहीने त्यांना काही सवयी लावल्या आहेत. सॉफ्टवेअर त्या सवयी आपोआप लावत नाही, त्या मुद्दाम बरोबर न्याव्या लागतात. मी दुकानदारांचे, पतसंस्थांचे आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशोब तपासतो. संगणकावर गेल्यावर ज्यांचे हिशोब बिघडले, त्यांच्याकडे सॉफ्टवेअर चांगलंच होतं. सवयी मागे राहिल्या होत्या.

हाताने लिहिताना नेमकं काय घडतं ते आधी पाहू. समजा, एका ठेकेदाराला ४८,००० रुपयांचा माल उधार दिला. वडील ती नोंद रोजकीर्दीत घेतात. मग खतावणीत ठेकेदाराच्या खात्याला ती रक्कम नावे (डेबिट) टाकतात आणि विक्री खात्याला जमा (क्रेडिट) करतात. कीर्दीत खतावणीचा पान क्रमांक लिहायचा आणि खतावणीत कीर्दीचा. एकच रक्कम तीन वेळा लिहावी लागते आणि तिन्ही वेळा चुकण्याची शक्यता असते. पण ठेकेदाराचं पान उघडलं की त्याच क्षणी वडिलांना दिसतं की मागचे १,१०,००० अजून यायचे आहेत आणि दिवाळीनंतर त्याने एक रुपया दिलेला नाही. खतावणी करता करता उधारीची तपासणी होते, कुणाला वेगळा अहवाल काढावा लागत नाही. पुढच्या वेळी तो ठेकेदार माल मागायला आला की काय बोलायचं ते वडिलांच्या डोक्यात आधीच ठरलेलं असतं.

दुसरी सवय रोज रात्रीच्या मेळाची. गल्ला मोजायचा, कीर्दीतली शिल्लक काढायची आणि दोन्ही जुळल्याशिवाय वही मिटायची नाही. शंभर रुपयांचा फरक पडला तर त्याच रात्री आठवतं की हमालाला दिलेले लिहायचे राहिले. पंधरा दिवसांनी ते कुणालाही आठवत नाही.

तिसरी गोष्ट वर्षअखेरच्या तेरजेची, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे-जमा बाक्या जुळवून पाहण्याच्या पत्रकाची (ट्रायल बॅलन्स). ज्यांनी हाताने तेरीज जुळवली आहे त्यांना फरक शोधायच्या जुन्या युक्त्या पाठ असतात. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ८,६४० ऐवजी ८,४६० लिहिलं तर फरक येतो १८०, म्हणजे नऊची वीस पट. फरक सम असेल तर त्याचा निम्मा करून पाहायचा. २,३५० रुपये नावे टाकायच्या ऐवजी जमा टाकले असतील तर तेरजेत ४,७०० चा फरक पडतो, म्हणून खतावणीत २,३५० शोधायचे. ही शोधाशोध दोन-दोन दिवस चालायची. त्या दोन दिवसांत वर्षभराची सगळी खाती माणसाच्या नजरेखालून पुन्हा एकदा जायची, आणि ज्या चुका तो शोधत नव्हता त्याही सापडायच्या.

संगणक आला आणि ही मेहनत संपली. टॅलीत विक्रीचं व्हाउचर (एका व्यवहाराची नोंद) एकदा भरलं की ठेकेदाराचं खातं, विक्री खातं, जीएसटीची खाती, मालाचा साठा, सगळीकडे रक्कम एकाच क्षणात जाते. नावे आणि जमा बाजू सारख्या झाल्याशिवाय व्हाउचर जतनच होत नाही. त्यामुळे तेरीज न जुळण्याचा प्रश्न राहिला नाही. फरक दिसलाच तर बहुतेक वेळा एकाच जागी दिसतो: सुरुवातीच्या बाक्या भरताना एखादं खातं राहिलं, तर ताळेबंदात आरंभीच्या शिल्लकांतला फरक म्हणून वेगळी ओळ येते. ती ओळ वर्षानुवर्षं तशीच ठेवलेले ताळेबंद मी पाहिले आहेत. ते करू नका. ती ओळ शून्य झाल्याशिवाय पहिलं व्हाउचरही टाकू नका.

आता मुख्य मुद्दा. अकरावी-बारावीच्या पुस्तपालनात तुम्ही शिकलात की काही चुका तेरजेत दिसतच नाहीत. नोंद पूर्णपणे राहून जाणं, भलत्याच खात्यात जाणं, भांडवली खर्च (टिकाऊ मालमत्तेवरचा) महसुली (रोजचा चालू खर्च) म्हणून दाखवणं, एका चुकीने दुसरी चूक झाकली जाणं. हाताच्या हिशोबात दोन्ही जातीच्या चुका व्हायच्या, तेरजेत दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. संगणकाने दिसणाऱ्या जवळजवळ संपवल्या. न दिसणाऱ्या सगळ्या शिल्लक राहिल्या, आणि त्यात काही नव्यांची भर पडली. वर तेरीज कायम जुळलेली असल्यामुळे मनाला खात्री वाटते की सगळं ठीक आहे. ही खात्री मला न जुळणाऱ्या तेरजेपेक्षा जास्त धोक्याची वाटते.

नव्या चुका कोणत्या? खात्याच्या नावाची पहिली तीन अक्षरं टाइप केली की यादी येते आणि बोट घाईने एंटर दाबतं. एकाच आडनावाचे दोन ग्राहक असतील तर रक्कम भलत्याच्या खात्यात जाते. पुरवठादाराचं एकच बिल दोनदा चढतं, एकदा मालाबरोबर आलेल्या प्रतीवरून आणि एकदा व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून. तारीख बदलायची राहिली की एका दिवसाची तीस बिलं कालच्या तारखेला बसतात. बँकेचं स्टेटमेंट थेट आत घेण्याची सोय आता आहे आणि ती चांगलीही आहे, पण ओळख न पटलेल्या रकमा उचंती (तात्पुरत्या, सस्पेन्स) खात्यात टाकून दिल्या जातात आणि मार्चपर्यंत उचंती खातं हेच दुकानातलं सर्वांत मोठं खातं होऊन बसतं. वहीत उचंती खात्याचं पान रोज डोळ्यांसमोर यायचं. पडद्यावर ते मुद्दाम उघडावं लागतं.

या सगळ्यांत मला वारंवार भेटणारी गोष्ट म्हणजे उणे रोख शिल्लक. तिच्यावर जरा थांबतो, कारण वही आणि संगणक यांच्यातला फरक इथे सगळ्यांत स्पष्ट दिसतो. गल्ल्यात पाच हजार असताना आठ हजार खर्च करता येत नाहीत. रोज रात्री मेळ घालणाऱ्या माणसाच्या कीर्दीत रोख शिल्लक उणे येणं शक्यच नाही, आली तर काहीतरी लिहायचं राहिलं आहे हे त्याला तिथल्या तिथे कळतं. संगणकावर काय होतं? बिलं डब्यात साठतात. महिन्यातून दोनदा डेटा एन्ट्री करणारा मुलगा येतो. तो आधी खर्चाच्या पावत्या चढवतो, वसुली नंतर, काही वसुली राहूनच जाते. सॉफ्टवेअर उणे शिल्लकीचा इशारा देतं, पण एंटर दाबलं की पुढे जातं. वर्षअखेर रोख खातं उघडलं तर मधले दहा-बारा दिवस रोख शिल्लक उणे चाळीस हजार. मग कुणीतरी सुचवतं की मेहुण्याकडून पन्नास हजार हातउसने घेतले अशी नोंद टाकू. वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने उसनी घ्यायला आयकर कायद्याची बंदी आहे, आणि दंड उसन्या रकमेइतका होऊ शकतो. एक लिहायची राहिलेली वसुली झाकण्यासाठी केलेली नोंद पन्नास हजारांच्या दंडाला आमंत्रण देते, शिवाय ती खोटी असते. रात्री गल्ला मोजला असता तर यातलं काहीही घडलं नसतं.

म्हणून पहिला नियम: एन्ट्री रोजच्या रोज आणि रात्री गल्ल्याचा मेळ. टॅलीवर गेल्यावरही. दिवसाची रोख शिल्लक पडद्यावर काढायची, नोटा मोजायच्या आणि एका साध्या वहीत तारीख, पडद्यावरची शिल्लक, प्रत्यक्ष शिल्लक आणि सही अशी एक ओळ लिहायची. एवढी एक वही मी तुम्हाला चालू ठेवायला सांगेन. ती वडिलांच्या हातात असू द्या.

नोंद मुद्दाम गाळली तर काय होतं याचं मोठं उदाहरण मुंबईतलंच आहे. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेतून हिरे व्यापाऱ्यांच्या नावाने हमीपत्रं परदेशी पाठवली गेली. ती स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेतून गेली, पण बँकेच्या मुख्य हिशोब प्रणालीत त्यांची नोंदच झाली नाही, कारण त्या वेळी दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकेने हे जाहीर केलं तेव्हा रक्कम ११,००० कोटींच्या वर होती. हिशोब संगणकावर होता आणि तो जुळतही होता. जे आत आलंच नाही ते जुळवणार कसं? आतल्या हिशोबाची बाहेरच्या कागदाशी गाठ घालणं, म्हणजे बँकेचं स्टेटमेंट, समोरच्या पार्टीचा खातेउतारा, प्रत्यक्ष साठा, हे काम माणसालाच करावं लागतं.

याची उलटी बाजूही आहे. ब्रिटनमध्ये पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची संगणक प्रणाली आपल्या शाखांत बसवली. छोट्या गावांतले, स्वतःच्या दुकानात टपाल कचेरी चालवणारे पोस्टमास्तर तिच्यावर रोजचा हिशोब करायचे. प्रणाली तूट दाखवू लागली. पोस्टमास्तर सांगत होते की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. वरिष्ठांनी प्रणालीवर विश्वास ठेवला. चोरी आणि खोट्या हिशोबाचे गुन्हे दाखल झाले, नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, अनेकांनी घर गहाण टाकून ती तूट भरली. डिसेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतच दोष असल्याचा निकाल दिला, आणि २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. त्या पोस्टमास्तरांपैकी अनेकांना संगणकातला आकडा कुठून आला हे शोधण्याची सोयच दिलेली नव्हती. तुमच्याकडे एखादा नोकर वसुलीसाठी फिरत असेल आणि संगणक त्याच्या नावे तूट दाखवत असेल, तर आधी पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती काढा, ग्राहकाला विचारा, मगच माणसावर बोट ठेवा.

आता खाडाखोडीबद्दल. वहीत चुकलं तर वडील काय करतात? आकड्यावर एक आडवी रेघ मारतात, जुना आकडा वाचता येईल अशी, शेजारी बरोबर आकडा आणि छोटी सही. पान फाडलं तर शिलाईत दिसतं, पान क्रमांक तुटतो. टॅलीत जुनं व्हाउचर उघडून रक्कम बदलली की पडद्यावर फक्त नवी रक्कम राहते. बदलाची नोंद ठेवण्याची सोय सुरू केलेली नसेल तर काल काय होतं ते कुणालाच कळत नाही. जीएसटीच्या नियमांनी हे ओळखलं आहे. नियम ५६ मधील तरतूद सांगते की नोंद खोडायची नाही, पुसायची नाही, तिच्यावर गिरवायचं नाही. चूक रेघ मारून, साक्षांकित करून दुरुस्त करायची. आणि हिशोब संगणकावर असेल तर बदललेल्या किंवा काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवायचा. म्हणजे वडील जे हाताने करतात तेच कायदा संगणकाकडून मागतो. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून असा माग ठेवणारं आणि तो बंद करता न येणारं सॉफ्टवेअरच वापरावं लागतं, आणि लेखापरीक्षकाला अहवालात त्याबद्दल लिहावं लागतं. तुमचं दुकान कंपनी नाही, तरी बदलांची नोंद ठेवणारी आवृत्तीच घ्या. आणि विवरणपत्र भरलं की तो महिना कुलूपबंद करा. नंतर चूक सापडली तर पुढच्या महिन्यात डेबिट नोट, क्रेडिट नोट किंवा दुरुस्तीची नोंद टाका. भरलेल्या महिन्यातली बिलं मागे जाऊन बदलली की तुमचा हिशोब एक बोलतो आणि जीएसटीचं पोर्टल दुसरं, आणि दोन वर्षांनी नोटीस आल्यावर फरक कशाचा हे शोधता शोधता माणूस हैराण होतो.

इतकं सांगूनही संगणकावर जाच असं का म्हणतो? कारण १ जुलै २०१७ नंतर व्यापाऱ्याच्या हिशोबाचं स्वरूपच बदललं आहे. पूर्वी हिशोब घरचा होता, वर्षातून एकदा बाहेर दाखवायचा. आता तुमच्या पुरवठादाराने त्याच्या विवरणपत्रात तुमचं बिल दाखवलं आहे की नाही यावर तुमचा कर अवलंबून असतो. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या तुमच्या खरेदी बिलांचं पत्रक) तयार होतं. त्यातलं प्रत्येक बिल तुमच्या खरेदीशी क्रमांक, तारीख आणि कराच्या रकमेसह ताडून पाहायचं असतं. हार्डवेअरच्या दुकानात महिन्याला दीड-दोनशे खरेदी बिलं सहज असतात. हाताने हे होऊ शकतं, मी केलेलं आहे, पण दुकानदाराने त्यात रात्री घालवू नयेत. जे बिल तिथे दिसत नाही त्यावर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही, आणि राहिलेली वजावट पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० नोव्हेंबरपर्यंत न घेतली तर गेली. हार्डवेअरमध्ये १८ टक्क्यांचा माल भरपूर असतो. एक लाखाच्या बिलाची वजावट हुकली तर १८,००० रुपये हातचे जातात. दोन-तीन अशी बिलं वाचली तरी सॉफ्टवेअरचा खर्च निघून येतो.

उधारीचं वय हे दुसरं कारण. कोणाकडे तीस दिवसांची, कोणाकडे नव्वद दिवसांची उधारी आहे हे संगणक एका कळीसरशी सांगतो, वहीत त्यासाठी अर्धा दिवस जातो. देण्याच्या बाजूलाही आता मुदत महत्त्वाची झाली आहे. उद्यम (लघुउद्योगांची सरकारी) नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाकडून माल घेतला तर त्याचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत चुकली आणि वर्षअखेरीला रक्कम बाकी राहिली, तर त्या वर्षी आयकरात तो खर्च धरला जात नाही. प्रत्येक बिलाची तारीख धरून हे पाहायचं तर बिलवार बाकी हवी, एकगठ्ठा बाकी चालत नाही. म्हणून टॅलीत पार्टीची खाती उघडताना बिलवार हिशोबाची सोय पहिल्या दिवसापासून सुरू करा.

ई-इन्व्हॉइसची (सरकारी पोर्टलवर नोंदवलेल्या बिलाची) सक्ती १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला आहे, त्यामुळे ती सध्या तुम्हाला लागू नाही. पण ही मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये पाचशे कोटींवर सुरू झाली होती आणि तीन वर्षांच्या आत पाचवर आली. तयारीत असलेलं बरं.

मग वही कुठेच योग्य नाही का? कायद्याने वहीला बंदी नाही. जीएसटीचे नियमही हस्तलिखित वह्या मान्य करतात, फक्त प्रत्येक वहीला अनुक्रमांक हवा. आणि काही ठिकाणी मी आजही वहीच सांगतो. महिलांच्या बचत गटाचं घ्या. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब लेखन ही त्यांची पंचसूत्री. दहा-बारा जणी गोल बसतात, पैसे समोर मोजले जातात, नोंद सगळ्यांसमोर होते आणि वाचून दाखवली जाते. त्या गटाचं लेखापरीक्षण तिथेच, त्याच बैठकीत होत असतं. ती नोंद एकीच्या मोबाइलमध्ये गेली तर बाकीच्या अकरा जणींचा हिशोबावरचा ताबा जातो. मोबाइलवर नोंद करायला माझी हरकत नाही, पण बैठकीतली वही आधी आणि मोबाइल नंतर. दहा-बारा सदनिकांच्या सोसायटीलाही पावतीपुस्तक आणि रोजकीर्द पुरते.

विकास सोसायट्यांचं, म्हणजे गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांचं उदाहरण तुमच्या कामाचं आहे. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशभरातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचं संगणकीकरण मंजूर केलं, २,५१६ कोटी रुपयांचं. पुढे ती संख्या आणि रक्कम दोन्ही वाढवली गेली. अशा संस्थेत सभासदांचं कर्ज, भाग, व्याज हे सगळं वर्षानुवर्षं वहीत असतं. संगणकावर चढवताना प्रत्येक सभासदाची बाकी खतावणीतून उचलायची, सगळ्यांची बेरीज ताळेबंदातल्या कर्ज येणे रकमेशी जुळवायची आणि सभासदालाही दाखवायची. या कामात वही वाचता येणारा गटसचिव नसेल तर सॉफ्टवेअर बसवणारा माणूस काही करू शकत नाही. चुकीची बाकी एकदा आत गेली की तिच्यावर व्याज बरोबर आकारलं जातं, आणि चूक दरवर्षी वाढत जाते.

तुमच्या दुकानातही हाच टप्पा सर्वांत नाजूक आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. वर्षाच्या मध्ये बदल करू नका, ३१ मार्चला वह्या पूर्ण बंद करा आणि १ एप्रिलला नवीन सुरू करा. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळ्या मोठ्या पार्ट्यांकडून खातेउतारे मागवा आणि वडिलांच्या खतावणीशी ताडा. इथे फरक निघणारच. कुठे परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट आलेली नसते, कुठे सूट एकाने धरलेली असते आणि दुसऱ्याने नाही. हे फरक वहीतच मिटवा. न मिटलेला फरक संगणकात नेऊ नका. मालाचा साठा प्रत्यक्ष मोजा, वजनाने विकला जाणारा खिळा-तार वजनाने. टॅलीत मालाची नावं घालताना मोजमाप एकच ठेवा: पाइप एकदा नगात आणि एकदा फुटात असा चढला की साठा कायमचा बिघडतो. बँकेची बाकी पासबुकातून घ्यायची नाही, वहीतली घ्यायची, आणि न वटलेल्या चेकांची यादी जुळवणी पत्रकासह आत न्यायची. जीएसटीची वजावट शिल्लक पोर्टलवरच्या क्रेडिट लेजरशी जुळली पाहिजे.

खाती मोजकी उघडा. नवशिके लोक चहाखर्च, नाष्टाखर्च, किरकोळ खर्च, इतर खर्च अशी चार खाती उघडतात आणि मग कोणता खर्च कुठे टाकला हे त्यांनाच सांगता येत नाही. प्रत्येक व्हाउचरखाली तपशिलाची एक ओळ लिहा. वडिलांच्या कीर्दीत "अमुक यांस बाबत अमुक बिलापोटी" असं प्रत्येक नोंदीत असतं, म्हणून दहा वर्षांनीही नोंद बोलते. टॅलीत ती जागा रिकामी सोडायची पद्धत पडली आहे, ती मोडा. मुलाला एन्ट्री करायला ठेवलं तर त्याचा पासवर्ड वेगळा, तुमचा वेगळा, आणि जुनी व्हाउचर बदलायचा अधिकार त्याला नको. बॅकअप रोज घ्या आणि आठवड्याचा एक दुकानाबाहेर, घरी ठेवा. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप कितीही घेतला तरी उपयोगाचा नाही.

पहिले दोन-तीन महिने वही आणि टॅली दोन्ही चालवा. काम दुप्पट होतं, कबूल आहे. पण एप्रिलअखेर वडिलांच्या खतावणीतली वीस मोठी खाती आणि टॅलीतली तीच खाती शेजारी ठेवून पाहिली की तुमच्या एन्ट्रीतल्या बहुतेक खोडी समोर येतात. त्यानंतर वही बंद करा. वडिलांना मात्र रोज रात्री दिवसाच्या नोंदींची छापील प्रत द्या, मोठ्या अक्षरात. ज्या माणसाने आयुष्यभर कीर्द लिहिली त्याच्या नजरेला चुकीची नोंद लगेच खुपते. "हा माणूस एवढा माल रोखीने घेतच नाही" हे कोणतंही सॉफ्टवेअर सांगणार नाही, ते वडील सांगतील.

हाताने हिशोब शिकायचा का? हो. पण वर्षभर नाही, एक महिना. दुकानाच्याच एखाद्या मागच्या महिन्याची बिलं घ्या, कोऱ्या वहीत रोजकीर्द लिहा, खतावणी करा, तेरीज काढा, बँक जुळवणी करा, नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार करा. मग तोच महिना टॅलीत टाका आणि ताडून पाहा. टॅलीच्या क्लासमध्ये एफ ५ म्हणजे अदा, एफ ६ म्हणजे जमा, एफ ८ म्हणजे विक्री हे शिकवतात. कोणती कळ दाबायची हे कळलं तरी कोणतं खातं नावे टाकायचं हा निर्णय तुमचाच राहतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलामुलींना मी संगणकासमोर बसवण्याआधी कागद देतो आणि विचारतो: मालकाने दुकानातला रंगाचा डबा घरी नेला, नोंद सांगा. ग्राहकाचा चेक न वटता परत आला आणि बँकेने शुल्क कापलं, नोंद सांगा. जुनी डिलिव्हरी रिक्षा विकली, नोंद सांगा. पहिल्या प्रश्नावरच बरेच जण मालकाला विक्री दाखवतात. उचल खात्याला (मालकाने स्वतःसाठी घेतलेल्याचं खातं) नावे आणि खरेदीला जमा करून, त्या डब्यावर घेतलेली जीएसटीची वजावट उलटवायची, इथपर्यंत जो येतो त्याला टॅली आठ दिवसांत येते. उलट दिशेने हा प्रवास फार अवघड जातो, कारण चुकीची नोंदही सॉफ्टवेअर तितक्याच तत्परतेने स्वीकारतं आणि शिकणाऱ्याला आपण चुकलो हे कळतच नाही.

राहिल्या जुन्या वह्या. त्या रद्दीत घालू नका आणि पाडव्याच्या साफसफाईत माळ्यावर ओल्या जागी टाकू नका. जीएसटीसाठी हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. २०२३-२४ चं वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला द्यायचं होतं, म्हणजे त्या वर्षाच्या वह्या आणि बिलं ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवीत. एखाद्या वर्षाचं अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा ही ७२ महिन्यांची मुदत, यांपैकी जे उशिरा संपेल तोपर्यंत. प्रत्येक वहीवर वर्ष आणि पान संख्या लिहा, बिलांच्या फायली महिन्यावार बांधा, आणि थर्मल कागदावरची बिलं आत्ताच स्कॅन करून घ्या, कारण त्यांवरची अक्षरं दोन-तीन वर्षांत उडून जातात.